भिंतीला खिळा न मारणारा पाहुणा

सन २००५ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या मी संगणकावर टाइप करून ठेवल्या होत्या. नमाजी घरातल्या या बायका, पण ओवी म्हणायच्या मराठीतून. एका ओवीत माहेरचा भाऊ, दुसरीत पीरबाबाचा उरूस, तिसरीत पंढरीची वाट. सांगणाऱ्यांपैकी दोघीजणी तोवर अल्लाघरी गेल्या होत्या. म्हणजे त्या ओव्या पुन्हा विचारायला कुणी उरले नव्हते.

आणि एके सकाळी संगणक सुरूच होईना. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी तक्रार, बस्स. दुरुस्तीवाला आला, दोन-चार कळा दाबल्या आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं गेलं समजा." चूक माझीही होती. दुसरी प्रत मी काढून ठेवली नव्हती.

संध्याकाळी शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा एक सीडी घेऊन आला. म्हणाला, "चाचा, मशीनला मी हात लावत नाही. नुसती ही सीडी घालून बघू." त्याने संगणकाला आधी सीडी वाच, मग हार्ड डिस्ककडे वळ, असे सांगितले. सीडी घरघरली. दोन-तीन मिनिटांत पडद्यावर रंगीत चित्र आले, खिडक्या उघडू लागल्या. ज्या संगणकाला मेला म्हणून सोडले होते, तो चालत होता. माझी हार्ड डिस्क एका चित्राच्या रूपाने पडद्यावर दिसत होती. मुलाने ती उघडली आणि ओव्यांची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. सीडी काढली, तसा संगणक पुन्हा पहिल्यासारखा निपचित पडला.

त्या सीडीचे नाव होते क्नॉपिक्स. हा काय प्रकार आहे, याचा शोध मी पुढे घेत राहिलो. त्यातून जे हाती लागले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

संगणक म्हणजे नुसते यंत्र. त्याला कळफलक कुठला, पडदा कुठला, फाइल कुठे ठेवायची हे शिकवणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कार्यप्रणाली म्हणतात. ही प्रणाली एरवी हार्ड डिस्कवर कायमची बसवलेली असते. तिथे ती बिघडली की संगणक मुका होतो. पण मुका झाला म्हणजे त्याच्या पोटातले कागद जळाले असे नव्हे. कुलूप बिघडले, तरी कपाटातल्या वस्तू जागेवरच असतात. गरज असते ती बाहेरून येऊन दार उघडणाऱ्याची. सीडीवरून चालणारी प्रणाली हे काम करते. ती हार्ड डिस्कवर काहीच बसवत नाही. सीडीवरून हवे तेवढे वाचते आणि संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीत, म्हणजे रॅममध्ये, आपला संसार थाटते. वीज गेली की संसार मोडला. मुसाफिरखान्यात उतरलेल्या भल्या माणसाने भिंतीला खिळाही न मारता सकाळी निघून जावे, तसे हे वागणे.

ही कल्पना काही एका दिवसात सुचलेली नाही. तिच्या मागे दोन माणसांचा हट्ट आहे. अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केले की आपण 'ग्नू' नावाची अशी प्रणाली लिहिणार, जी कुणालाही वापरता, उघडून पाहता, बदलता आणि दुसऱ्याला देता येईल. १९८९ साली त्यांनी तिच्यासाठी एक परवाना तयार केला. त्याचे सार असे, की घ्या, बदला, वाटा, पण पुढच्याला देताना आज्ञावलीचा मूळ मजकूरही द्या आणि तुम्हाला मिळालेले हक्क त्यालाही द्या. आमच्याकडे वक्फ केलेल्या विहिरीचे जे तत्त्व असते, त्याची मला इथे आठवण होते. पाणी सर्वांनी प्यावे, विहीर मात्र कुणी आपल्या नावावर करू नये.

दुसरा माणूस फिनलंडचा. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने १९९१ साली प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि १९९२ साली तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुला केला. तोच लिनक्स. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी 'डेबियन' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सुरू केला. गाभा, त्याभोवतीच्या हजारो आज्ञावल्या, त्यांची निगा, असा हा मोठा सामुदायिक रांधा.

पण जेवायला बसणार कोण? अडचण तिथेच होती. लिनक्स बसवायचे म्हणजे हार्ड डिस्कचे तुकडे पाडायचे, त्यात एक चूक झाली की असलेलेही जायचे. ज्याच्या घरात एकच संगणक, तोही हप्त्यांवर घेतलेला, तो हे धाडस कशाला करील? खुले असूनही लिनक्स सामान्य माणसाला बंदच होते. मनाई कुणाची नव्हती, भीती होती.

ही भीती घालवायचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते. अमेरिकेत १९९२ च्या अखेरीस 'इग्द्रासिल' नावाची लिनक्सची सीडी निघाली, ती सीडीवरून चालू शकत असे. पण तेव्हाचे संगणक थेट सीडीवरून सुरू होत नसत, आधी फ्लॉपी घालावी लागे. सीडी ड्राइव्हही मंद. 'एल टोरिटो' हा संगणक सीडीवरून सुरू करण्याचा नियम ठरला १९९५ साली. त्यानंतरच्या संगणकांत ती सोय हळूहळू आली. १९९८ च्या सुमारास फ्रान्समधल्या संशोधकांनी 'डेमोलिनक्स' काढले. वाट मळत चालली होती.

ती हमरस्ता झाली जर्मनीत. क्लाउस क्नॉपर हे विद्युत अभियंते. आपली हत्यारे सीडीवर घालून न्यावीत आणि समोर येईल त्या संगणकावर काम करावे, अशी त्यांची गरज. सन २००० मध्ये त्यांनी डेबियनच्या पायावर आपली सीडी बांधली आणि आडनावावरून तिला क्नॉपिक्स नाव मिळाले.

यात दोन गोष्टी विशेष होत्या. पहिली म्हणजे ओळख. परक्या संगणकात कुठले यंत्र बसवले आहे हे आधी ठाऊक नसते. क्नॉपिक्स सुरू होताना स्वतःच चाचपणी करी. पडदा कुठल्या जातीचा, आवाजाचे कार्ड कुठले, उंदीर कसा जोडला आहे, हे ओळखून योग्य ती आज्ञावली कामाला लावी. दुसरी गोष्ट घडी घालण्याची. सीडीत मावतात सुमारे ७०० एमबी. पण ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी मुळात लिहिलेली 'क्लूप' ही युक्ती क्नॉपर यांनी पुढे नेली. तिच्यामुळे दोन जीबीच्या आसपासचा ऐवज दाबून त्याच सीडीत बसे आणि वाचताना लागेल तेवढाच भाग उलगडे. म्हणून एका तबकडीत लेखनाचा, चित्रांचा, इंटरनेटचा, दुरुस्तीचा असा सगळा सरंजाम मिळे. संगणकात १२८ एमबी रॅम असली की काम बरे चाले.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडली. क्नॉपिक्स हार्ड डिस्क दाखवी, पण ती उघडताना आपणहून 'फक्त वाचायचे, लिहायचे नाही' असा नेम पाळी. माझ्या ओव्या शाबूत बाहेर आल्या, त्या या अदबीमुळे.

परवाना खुला असल्याने क्नॉपिक्सची पिलावळ वाढली. ब्राझीलमध्ये 'कुरुमिन', शास्त्रीय गणितासाठी 'क्वांटियन', आणि अवघ्या ५० एमबीत मावणारे 'डॅम स्मॉल लिनक्स', जे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर राही. 'उबुंटू' २००४ साली आले. त्याची कंपनी मागणाऱ्याला घरपोच फुकट सीडी पाठवी. ही सोय २०११ पर्यंत चालली. २००६ पासून उबुंटूने आधी सीडीवर चालवून पाहा, आवडले तर तिथूनच बसवा, अशी एकच सीडी केली. आपल्याकडे संगणकाच्या इंग्रजी मासिकांबरोबर अशा तबकड्या येत. ज्यांच्या गावात इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुंथत चाले, त्यांच्यापर्यंत लिनक्स पोचले ते असे टपालाने आणि मासिकाच्या प्लॅस्टिकमधून.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सीडीवरची प्रणाली मंद असे. आपण केलेले काम ती विसरे, जपायचे असेल तर फ्लॉपी किंवा पेनड्राइव्ह लावावा लागे. आणि माझ्यापुरते म्हणाल, तर ओव्यांची फाइल हाती आली खरी, पण दुसऱ्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर ओव्यांऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. मी वापरलेला मराठी फॉन्ट एका विशिष्ट पद्धतीचा होता. तो ज्याच्याकडे आहे त्यालाच मजकूर मराठीत दिसणार. तेव्हा मला कळले, की कुलपे दोन असतात. एक यंत्राचे आणि एक लिपीचे. पहिले त्या सीडीने उघडले. दुसऱ्याची किल्ली म्हणजे युनिकोड, जिथे 'क' हा सगळ्या जगात 'क'च असतो, आणि खुले फॉन्ट. २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले, ते यासाठी मोलाचे. माझ्या ओव्या मी पुढे छापील कागदांवरून आणि त्या खिचडीवरून एकेक करून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या. काम चार महिने चालले. या वेळी प्रती तीन काढल्या.

सीडीचे युग आता सरले. नव्या संगणकांत ती तबकडी घालायला जागाच नसते. पण कल्पना पेनड्राइव्हवर जिवंत आहे. जी विस्मृती खोट वाटत होती, तीच काहींनी गुण म्हणून उचलली. २००९ साली सुरू झालेली 'टेल्स' ही प्रणाली मुद्दाम सगळे विसरते, मागे खूण ठेवत नाही. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रे पत्रकारांना दिली, तेव्हा त्या व्यवहारात टेल्सचा वापर झाला होता.

मला मात्र या इतिहासातले दुसरे एक पान जवळचे वाटते. क्लाउस क्नॉपर यांच्या पत्नी एड्रियान यांना दृष्टीची अडचण आहे. त्यांच्या नावावरून क्नॉपिक्समध्ये 'एड्रियान' नावाचा भाग तयार झाला. तो पडद्यावरचे वाचून दाखवतो. पत्र, इंटरनेटवरचे पान, यादी, सगळे आवाजातून. पडद्यावर काय चालले आहे हे न दिसणाऱ्या माणसालाही संगणक वापरता यावा, यासाठी केलेली ही सोय. ती क्नॉपर यांनी घरापुरती ठेवली नाही, तीही सगळ्यांसाठी त्याच तबकडीत घातली.

मोहरममध्ये आमच्याकडे रस्त्याच्या कडेला सबील लावतात, उन्हाळ्यात गावोगाव पाणपोई असते. पाणी पिणाऱ्याला तिथे नाव विचारत नाहीत. पिऊन झाले की तो भांडे पालथे घालून ठेवतो आणि पुढे जातो. त्या रात्री माझ्या मुक्या संगणकाला जे पाणी मिळाले, ते अशाच कुणाच्या तरी सबिलीचे होते. हेलसिंकीचा विद्यार्थी, जर्मनीतला अभियंता, नाव न कळलेले हजारो जण आणि सीडी घेऊन आलेला शेजारचा पोरगा. ज्या बायकांनी दळता दळता त्या ओव्या रचल्या, त्यांनीही त्यावर आपले नाव कुठे घातले होते?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)