मोळीचं वजन कोणी मोजलं?



आज आम्ही तुम्हाला लाकडाचा इतिहास सांगणार आहोत. सुरुवात मात्र आमच्या गटाच्या एका बैठकीपासून करतो.

ही बैठक बोरिवलीच्या जंगलाला लागून असलेल्या एका पाड्यावर होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या आणि अंगठे झाले आणि तेवढ्यात गटातल्या एक आजी डोक्यावर मोळी घेऊन आल्या. उशीर झाला म्हणून बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. शेजारी भंगारवाल्याचा काटा होता, म्हणून आम्ही सहज ती मोळी काट्यावर ठेवली. ती २६ किलो भरली. आजी स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या, तर त्या ४२ किलो!

मग आम्ही हिशेबाची वही उघडली. पावसाळा सोडून वर्षाचे आठ महिने, आठवड्याला तीन मोळ्या, म्हणजे वर्षाला साधारण १०० मोळ्या. आजी लग्न होऊन आल्यापासून ५० वर्षं मोळी आणतायत. म्हणजे ५,००० मोळ्या झाल्या आणि वजन झालं १,३०,००० किलो. दहा टनी ट्रक धरले तर १३ ट्रक लाकूड एका बाईनं डोक्यावरून वाहिलं. आजी हसून म्हणाल्या, "एवढं लाकूड मी कवा आणलं? कुठं लिवलंय?"

कुठंच लिहिलेलं नाही. त्या प्रश्नापासूनच आम्ही हा इतिहास शोधायला लागलो.

मुंबई वाढली ती लाकडावर. मुंबईत गोदी होती आणि तिथं वाडिया घराण्यातले पारशी कारागीर सागवानी जहाजं बांधत. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी पाण्यावर उभं आहे. त्याचा साग मलबारातून आला होता. सागाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून त्याला केवढी तरी मागणी होती. जहाजं, बंगले, पूल सगळीकडे साग लागायचा. जंगलं भराभर उतरू लागली, तेव्हा सरकारला काळजी पडली आणि १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं गेलं.

नंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. रूळ आडव्या लाकडी स्लीपरांवर टाकत आणि हे स्लीपर काही वर्षांनी बदलावे लागत. शिवाय शहर वाढलं, तशी चुलीसाठी जळण आणि कोळशाची मागणी वाढली. ठाण्याच्या जंगलातलं लाकूड बैलगाड्यांनी खाडीपर्यंत यायचं आणि तिथून होड्यांनी मुंबईला जायचं. दारूखान्याच्या लाकूडबाजारात आजही वखारी आहेत.

आता हे लाकूड तोडायचं कोणी आणि ओढायचं कोणी? वारली, कातकरी, मल्हार कोळी, ठाकूर लोकांनी. या कामाला कूपाचं काम म्हणतात. जंगलाचा एक तुकडा आखून तोडीला काढला की तो कूप. दिवाळीनंतर काम सुरू व्हायचं आणि पाऊस येण्याआधी माल बाहेर काढावा लागायचा, कारण पावसात गाडीवाटा चिखलात जातात. कुटुंबच्या कुटुंब जंगलात झोपडी टाकून राहायचं.

तोड ही नुसत्या ताकदीची गोष्ट नाही, तिला अक्कल लागते. झाड कुठल्या बाजूला कललंय, वारा कुठला, खाली दगड आहे का, हे आधी बघायचं. ज्या बाजूला पाडायचं, तिकडं बुंध्याशी कुऱ्हाडीनं खाच घ्यायची आणि मग मागच्या बाजूनं घाव घालायचे. खाच चुकली की झाड भलतीकडं वळतं, नाहीतर शेजारच्या झाडात अडकून लटकत राहतं. लटकलेलं झाड सगळ्यात वाईट, कारण ते कधी सुटेल सांगता येत नाही. पडलेल्या झाडाच्या फांद्या साळायच्या, करवतीनं ओंडके पाडायचे. एक घनमीटर सागवान वाळल्यावरही साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, ओलं तर त्याहून जड. असा ओंडका पहारीनं उचकटायचा, खाली गोल लाकडं सारायची, साखळी बांधून बैलांनी ओढायचा. उतारावर तो सुटला तर खालच्या माणसाचा पाय गेलाच म्हणून समजा.

बाया काय करायच्या? साळलेल्या फांद्या गोळा करायच्या, जळणाचे ढीग रचायच्या, ओझी वाहायच्या. पाणी आणायच्या, स्वयंपाक करायच्या, पोर पाठीला बांधून पुन्हा कामाला लागायच्या.

आणि एवढं करून हातात काय पडायचं? मोजमाप करणारा मुकादम आणि पैसे देणारा कंत्राटदार. मजुराला वाचता येत नाही. मापात पाप म्हणतात, ते तिथं रोज व्हायचं. आगाऊ दिलेल्या उचलीत मजुरी वळती व्हायची. कित्येक वारल्यांना तर जमीनदाराकडं वेठीनं, म्हणजे फुकट राबावं लागायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे गुलाम. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. नवी नवरी सासरी येताच सासू-सासऱ्यांच्या आधी सावकाराच्या हुकमाखाली जायची.

इकडं कायदाही कडक होत गेला. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. राखीव जंगलात गेलात, फांदी तोडलीत, तर गुन्हा. कोकणातल्या मैत्रिणींना राब ठाऊक आहे. भाताचं रोप टाकायच्या जागी फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं, तो राब. आता फांद्याच तोडायच्या नाहीत म्हटल्यावर रोप कसं करायचं? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी तक्रार उठली की सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल आला. काही सवलती मिळाल्या, पण जंगल कोणाचं या प्रश्नाचं उत्तर काही बदललं नाही.

हा राग मनात साठत गेला आणि बाहेर पडला १९३० साली. मुंबईच्या बंदरापलीकडे उरण तालुक्यात चिरनेर गाव आहे. २५ सप्टेंबर १९३० ला तिथं अक्कादेवीच्या रानात लोक जंगल सत्याग्रहाला जमले. झाडं तोडून कायदा मोडायचा, एवढंच ठरलं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मेले आणि त्यात नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. मिठासाठी दांडी आपल्याला पाठ आहे, पण लाकडासाठी चिरनेर किती जणींना ठाऊक आहे?

यानंतर पंधरा वर्षांनी ठाणे जिल्ह्यात जे घडलं, ते आपल्या गटांनी नीट समजून घेण्यासारखं आहे. १९४५ साली उंबरगाव आणि डहाणू भागात किसान सभेचं काम सुरू झालं. पुढारपण होतं गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांचं. गोदावरीबाई पाड्यापाड्यावर चालत जायच्या आणि लोकांमध्ये राहायच्या. त्याच वर्षी वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा झुगारल्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसं मेली, पण लोक मागं हटले नाहीत.

१९४६ साली प्रश्न आला मजुरीचा. मागणी साधी होती. जंगलकामाला दिवसाला किमान सव्वा रुपया द्या. कंत्राटदारांनी नाही म्हटलं. वारल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. एक लक्षात घ्या, हातावर पोट असलेल्या माणसानं कुऱ्हाड खाली ठेवणं म्हणजे चूल बंद ठेवणं. संप महिन्याच्या वर चालला. पुढाऱ्यांना हद्दपार करण्यात आलं. पण जंगलात लाकूड पडून, वखार रिकामी आणि कुऱ्हाड उचलायला दुसरं कोणी नाही. शेवटी लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेनं सव्वा रुपया कबूल केला. पुढं १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. कंत्राटदाराला मधून काढून कूप मजुरांच्या संस्थेलाच द्यायचा, असा त्यामागचा विचार होता.

इथंच आम्हाला एक गोष्ट दिसली. ओंडक्याला घनफुटाचं माप होतं, म्हणून त्याला दर लागला, त्याच्यासाठी संप झाला, करार झाला. बाईच्या डोक्यावरच्या मोळीला माप नव्हतं. ती कुठल्या हजेरीपटावर चढली नाही. त्यामुळे ती एकतर फुकट ठरली, नाहीतर चोरी.

आता आमच्या उपनगरांकडं येऊ. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, भांडुप यांच्या मधोमध डोंगर आणि जंगल आहे. मुंबईला पाणी हवं होतं म्हणून १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव झाला आणि भोवतालचं जंगल राखलं गेलं. १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत आली. पुढं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. या सगळ्या कुंपणांच्या आत नवापाडा, रावणपाडा, केलटीपाडा, खांबाचा पाडा असे पाडे राहिले. वाघोबाला नारळ फोडणारे लोक तिथं आधीपासून होते.

शहरातल्या मैत्रिणींकडं गॅस येण्याआधी इथल्या बाया बाजारात मोळी विकायच्या. पहाटे अंधारात निघायचं, बिबट्याची भीती, पहारेकऱ्याची भीती. पकडलं तर कोयता जप्त. आजी सांगतात, "बिबट्या एकदा बघून निघून जातो. माणूस मोळी सोडायला लावतो."

१९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातल्या वस्त्या हटवायला सुरुवात झाली. अनेक पाड्यांना प्रश्न पडला, की आम्ही अतिक्रमणवाले की मूळचे? ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून यंत्रानं दोन हजारांवर झाडं तोडली गेली. बायांनी एकमेकींना विचारलं, वाळकी काटकी उचलली तर आपण चोर, मग हे काय? या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं नाही. पण प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही इथं नोंदवतो.

जंगल राखायला हवं, याबद्दल आमच्या बायांचं दुमत नाही. ते गेलं तर सगळ्यात आधी त्यांचंच पाणी जाईल. त्या म्हणतात, राखताना आम्हाला मोजा.

मोजायची वाट आता आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची यादी आहे. तिच्यात बांबू आहे, मध आहे, तेंदूपान आहे आणि काटक्या-झुडपांचं जळणही आहे. उभं झाड तोडायचा हक्क हा नव्हे. पण हक्क मान्य झाला की गोळा केलेलं सरपण चोरी राहत नाही. हा कायदा राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. जमिनीचा पट्टा मिळाला तर तो नवरा आणि बायको दोघांच्या नावानं होतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्याच लागतात. आमच्याकडं अडचण वेगळी. मुंबईत ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कोणती, इथूनच घोडं अडतं. तुमच्या गावात ही अडचण नाही. म्हणून तुम्ही आमच्याआधी पुढं जाऊ शकता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं निवेदन हाही पुरावा धरला आहे. म्हणजे ज्या आजींचं बोलणं आपण चुलीशी बसून ऐकतो आणि सोडून देतो, ते कागदावर आलं तर त्याला वजन आहे. पण पाड्यावरच्या म्हाताऱ्या एकेक करून जातायत. मागच्या वर्षभरात आमच्या दोन गेल्या. त्यांच्याबरोबर वाटांची नावं गेली आणि कुठलं रान कोणत्या पाड्याचं होतं हेही गेलं.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं. महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास एका आजीचा. त्या बोलतात आणि शिकलेली पोरगी लिहिते. लग्न होऊन कधी आलात, जळण कुठून आणायचात, वाटेत कुठलं देवाचं झाड, कुठला झरा, कोण अडवायचं. वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि तारीख घालायची. एक प्रत आजींकडं, एक गटाच्या पेटीत.

पहिलं निवेदन त्या मोळीवाल्या आजींचं झालं. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते १३ ट्रक लिवले का?"

लिहिले, आजी.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एका आजीला बोलतं करा आणि एकदा मोळी काट्यावर ठेवा. किती भरली ते वहीत लिहा.