मोटारींतील रेडिओची खांच

जुन्या मोटारींतील बिघडलेला रेडिओ काढून गृहस्थानें स्वतःच्या हातानें नवा बसवावा, ही गोष्ट किरकोळ वाटते. परंतु ती इतकी सुलभ होण्यास अर्धें शतक जावें लागलें.

१९३० सालीं शिकागो येथील पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्यानें ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला. तो बसविणें म्हणजे निम्मी गाडी उकलणेंच असे: तळफळ्यांखालीं बॅटऱ्या, पुढें ध्वनिक्षेपक, छतांत एरिअल. कालांतरानें गाडीबरोबरच रेडिओ येऊं लागले. पण ज्याच्या त्याच्या मापाचे! एकाच्या जागीं दुसरा सहसा बसेना.

ही अडचण जर्मन प्रमाणसंस्थेनें ठरविलेल्या एका मापानें दूर केली. रुंदी १८० आणि उंची ५० मिलिमीटर, एवढेंच तें माप. १९८४ सालीं तें आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालें आणि निरनिराळ्या कारखान्यांचे रेडिओ एकाच खांचेंत बसूं लागले.

आतां कृति पाहूं. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. नव्या यंत्राची पिवळी तार बहुधा बॅटरीशीं, तांबडी चावीबरोबर सुरू होणाऱ्या प्रवाहाशीं आणि काळी गाडीच्या लोखंडी सांगाड्याशीं जोडावयाची असते. गाडीच्या मूळ तारांचे रंग मात्र निराळे असूं शकतात. त्यांचा नकाशा पाहिल्यावांचून हात घालूं नये.

आजच्या पुष्कळ गाड्यांत रेडिओ, शीतयंत्र व अन्य यंत्रणा एकाच पडद्यांत गुंतविल्या असून ती खांच नाहींशी झाली आहे. तिच्याबरोबर, आपली वस्तु आपण दुरुस्त करण्याचा गृहस्थाचा एक लहानसा अधिकारही गेला, हें विसरतां कामा नये.