तिसऱ्या रिचर्डची पाठ

फेब्रुवारी २०१३मध्ये मी नववीत होते आणि युनिफॉर्मच्या आत प्लास्टिकचा कडक ब्रेस घालून शाळेत जायचे. माझा कणा एका बाजूला वळलेला आहे. डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, वर्गातली मुलं वेगळं काहीतरी म्हणायची. त्या आठवड्यात बाबांनी मला पेपरातला एक फोटो दाखवला. मातीत पडलेला एक सांगाडा आणि त्याचा बाजूला वळत गेलेला कणा. मी कपाटातून माझा एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही शेजारी धरले. सांगाडा इंग्लंडच्या राजाचा होता. तिसरा रिचर्ड.

या राजाने जेमतेम दोन वर्षं राज्य केलं. १४८३मध्ये त्याचा भाऊ, चौथा एडवर्ड, वारला. गादी एडवर्डच्या बारा वर्षांच्या मुलाची होती. काका रिचर्ड त्याचा पालक. काही आठवड्यांत काकाच राजा झाला आणि तो मुलगा व त्याचा धाकटा भाऊ टॉवर ऑफ लंडनमध्ये दिसेनासे झाले. पुढे २२ ऑगस्ट १४८५ला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला. वय बत्तीस. जिंकलेला हेन्री ट्यूडर सातवा हेन्री म्हणून राजा झाला. रिचर्डला लेस्टरमधल्या एका मठाच्या चर्चमध्ये घाईघाईने पुरलं. पुढे मठ पाडला गेला आणि कबरीची जागा लोक विसरले.

राजाला मात्र कुणी विसरलं नाही, आणि त्याचं कारण नाटक आहे.

शेक्सपिअरने ‘रिचर्ड द थर्ड’ लिहिलं ते साधारण १५९२-९३च्या सुमारास. तेव्हा राणी होती पहिली एलिझाबेथ, म्हणजे त्याच सातव्या हेन्रीची नात. पराभूत राजाबद्दल बरं लिहिण्यात कुणाचाच फायदा नव्हता. शेक्सपिअरच्या हाती आलेल्या बखरींमागे थॉमस मोरने लिहिलेलं चरित्र होतं आणि मोर लहानपणी ज्या जॉन मॉर्टनच्या घरी वाढला, तो रिचर्डचा कट्टर शत्रू. या सगळ्यातून रंगमंचावर आला तो कुबड असलेला, एक हात वाळलेला, लंगडणारा राजा. पहिल्याच स्वगतात तो प्रेक्षकांना सांगतो की या शरीराने मला प्रेम काही मिळणार नाही, मग मी खलनायकच होतो. शरीर वाकडं म्हणून मन वाकडं, हा त्या काळचा साधा हिशेब होता.

गंमत अशी, की नटांना ही भूमिका भयंकर आवडली. रिचर्ड प्रेक्षकांशी थेट बोलतो, विनोद करतो, आपला कट आधी आपल्यालाच सांगतो. आपण हसतो आणि हसता हसता त्याचे साथीदार होतो. पहिला रिचर्ड होता शेक्सपिअरच्याच कंपनीतला रिचर्ड बर्बेज. १७४१मध्ये डेव्हिड गॅरिक नावाचा तरुण याच भूमिकेने लंडनमध्ये रातोरात प्रसिद्ध झाला. १९४४मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएने नकली नाक लावून रिचर्ड उभा केला. पुढे १९५५मध्ये त्याचा सिनेमाही आला, त्यामुळे कित्येकांच्या डोक्यात रिचर्डचा चेहरा म्हणजे ऑलिव्हिएचा चेहरा. १९८४मध्ये अँटनी शेर दोन काळ्या कुबड्यांवर असा धावला, की प्रेक्षकांना कोळीच दिसला. नाटकातही रिचर्डला कोळी म्हटलंय.

म्हणजे चारशे वर्षं नटांनी पाठीवर काहीतरी बांधून हा राजा रंगवला. पडदा पडला की ते काढून ठेवता येत होतं.

मग २०१२च्या ऑगस्टमध्ये लेस्टरमधल्या एका पार्किंगखाली खोदकाम झालं आणि खरा रिचर्ड वर आला. त्याच्या बहिणीच्या वंशातला एक सुतार लंडनमध्ये राहत होता. डीएनए त्याच्याशी जुळला. हाडांनी बरंच काही सांगितलं. हात वाळलेला नव्हता. कुबड नव्हतं. कणा बाजूला वळलेला होता, त्यामुळे एक खांदा थोडा उंच, पण बेताचे कपडे घातले तर फारसं दिसलंही नसतं. पुढे अशाच वळणाचा कणा असलेल्या एका तरुणाला चिलखत चढवून घोड्यावर बसवलं, तर तो लढू शकत होता. २६ मार्च २०१५ला राजाला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं. शवपेटी त्याच सुताराने बनवली होती.

रंगभूमीलाही हे टाळता आलं नाही. २०१६मध्ये लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये राल्फ फाइन्सचा रिचर्ड आला. त्याचं रेकॉर्डिंग मी पाहिलंय. नाटक सुरू होतं त्याच पार्किंगमधल्या खड्ड्यापासून. हाडं वर येतात आणि मग राजा. २०२२मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने पहिल्यांदाच ही भूमिका एका अपंग नटाला दिली. आर्थर ह्यूजचा एक हात जन्मतःच वेगळ्या घडणीचा आहे. दिग्दर्शक होते ग्रेगरी डोरन, अँटनी शेर यांचे जोडीदार. शेर जाऊन काही महिनेच झाले होते. कुबड्यांवरच्या त्या रिचर्डनंतर, त्याच घरातून, काहीही बांधावं न लागणारा रिचर्ड आला.

मला रिचर्डला निर्दोष ठरवायचं नाही. त्या दोन मुलांचं काय झालं, याचा जबाब त्याच्याकडेच मागावा लागतो. ती त्याच्या ताब्यात होती. पण जबाब त्याच्या निर्णयांचा मागावा, कण्याचा नाही. नाटकही मला वाईट वाटत नाही. ते इतकं चांगलं आहे म्हणूनच चारशे वर्षं लोकांना खरं वाटलं.

ब्रेस सुटून आता बरीच वर्षं झाली. कॉलेजात एकदा एकांकिकेत दुष्ट म्हातारीचं काम मिळालं होतं. दिग्दर्शक म्हणाला, पाठीला उशी बांध. मी विचारलं, कशाला? तो गप्प झाला. प्रयोग उशीशिवाय झाला आणि म्हातारी पुरेशी दुष्ट वाटली.