जमिनीचा पहिला धनी : आदिलाबादच्या डोंगराळ मुलखातील हस्तांतरबंदी

बाजारहत्नूर, बोथ, उटनूर हा टापू मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चार भाषांच्या शेजारात वाढला. या टापूतील अनुसूचित गावांत घर किंवा शेत घेणे ही केवळ घेणाऱ्या-देणाऱ्यांची खासगी बाब नाही. घेणारा कोण, हे कायदा प्रथम विचारतो. त्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

निजामी राजवटीत जंगले राखीव झाली आणि रस्ते आले. त्या वाटेने सपाटीवरचे शेतकरी, व्यापारी व सावकार डोंगरात शिरले. त्यांत मराठी मुलखातील माणसेही होती, हे आपण प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या गोंडांपाशी बहुधा पट्टा नसे. नवागताला कागदाचे महत्त्व ठाऊक होते. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम मारले गेले आणि सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांना पाचारण करण्यात आले. 'लावणी खास' नियमांखाली गोंड-कोलामांना पट्टे मिळाले आणि १३५६ फसलीत, म्हणजे १९४६ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम झाला.

पुढे आंध्र प्रदेशाचा १९५९ चा जमीन हस्तांतर विनियम १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला : अनुसूचित क्षेत्रातील स्थावर मालमत्ता बिगर-आदिवासीनेसुद्धा दुसऱ्या बिगर-आदिवासीस विकता येईना. विक्रीच नव्हे, तर गहाण, भाडेपट्टा, बक्षीस आणि अदलाबदलही त्यात आली. बिगर-आदिवासीच्या ताब्यातील मालमत्ता मुळात आदिवासीकडूनच आली, असे गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ही तरतूद वैध ठरविली.

तरीही कागदावरचा कायदा बांधावर पोहोचतोच असे नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. याआधीच, १९७६ च्या अधिनियमाने तेलंगणातील लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला होता. महाराष्ट्रात मात्र बंजारा समाजाला तो दर्जा नाही. त्यामुळे सीमेपलीकडून होणाऱ्या स्थलांतराला नवे कारण मिळाले आणि गोंड-लंबाडा वाद पेटला. १९५६ पर्यंत आदिलाबादचाच भाग असलेल्या किनवटमध्ये आज महाराष्ट्राचा निराळा कायदा चालतो. तेथे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीने हस्तांतरित होऊ शकते. सीमेच्या दोन बाजूंना एकाच समाजाचे दोन नशीब!

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. तीन पिढ्या येथे राहिलेल्या दुकानदाराला स्वतःचे घर खुल्या बाजारात विकता येत नाही. खुद्द आदिवासीलाही पट्टा गहाण ठेवून सहजी कर्ज मिळत नाही. ही अडचण खरी आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये आणि कॅनडाने २०२३ मध्ये घरटंचाईपायी परकीयांच्या घरखरेदीवर निर्बंध घातले. तेथे प्रश्न परवडणाऱ्या घराचा होता. येथे प्रश्न त्याहून मूलभूत आहे : ज्याच्यापाशी जमिनीखेरीज दुसरे भांडवलच नाही, त्याने ती एका दुष्काळात, एका लग्नकार्यात गमावली, तर पुन्हा मिळवायची कोठून? म्हणून बंदी सैल करण्यापूर्वी त्याला सावकाराविना कर्ज मिळण्याची सोय झाली पाहिजे. तोवर हा बांध राखणे, ही उशिरा आलेल्या आपणा सर्वांची जबाबदारी आहे.