केक ढकलणारी हार्ली आणि ताईची गदावाली

परवा रविवारी कूलरच्या ताट्या काढायला माळ्यावर चढलो. ताट्या राहिल्या बाजूला, हाती लागली ताईची जुनी ड्रॉइंगची वही. पानोपानी एकच बाई. पाठीला पंख, तोंडावर ससाण्याचा मुखवटा, हातात काटेरी गदा. हॉकगर्ल! आमच्या घरी तिला 'गदावाली' म्हणायचे. मग काय, अख्खा रविवार जुने एपिसोड बघण्यात आणि त्यांच्याबद्दल वाचण्यात गेला. खालून आईचा पट्टा चालू होता, ते वेगळंच :-)

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. महालातलं आमचं घर, शाळेतून आलं की केबलवर कार्टून. रिमोट माझा, पण 'जस्टिस लीग' लागलं की ताई तो हिसकायची. मला बॅटमॅन बघायचा असायचा, तिला गदावाली. तेव्हा वाटायचं, ही काय आवड आहे! आता हा इतिहास वाचल्यावर वाटतं की बघण्यासारखी जागा तिलाच सापडली होती.

बघा ना. कॉमिक्समध्ये ही बाई १९४० साली आली ती हॉकमनची प्रेयसी म्हणून. पुढच्या वर्षी तिने पंख लावले, पण पुढची कित्येक दशकं तिची ओळख 'हॉकमनच्या सोबतची' हीच. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये 'जस्टिस लीग' ही मालिका सुरू झाली, तेव्हा ब्रूस टिम आणि मंडळींनी सात जणांच्या संघात हॉकगर्लला घेतलं आणि हॉकमनला बाहेर ठेवलं! मग २००४ च्या मे महिन्यात 'स्टारक्रॉस्ड' ही तीन भागांची कथा आली. त्यात कळतं की ही तिच्या ग्रहाची हेर आहे. तिचेच लोक पृथ्वीचा बळी द्यायला निघतात आणि तिला बाजू निवडावी लागते. ती पृथ्वी निवडते, म्हणजे दोन्हीकडून गद्दार ठरते. शेवटी संघ तिच्याबद्दल मतदान घेतो, तर निकाल ऐकायच्या आधीच ती राजीनामा देऊन निघून जाते. त्याच कथेत बॅटमॅन अख्खं अवकाश स्थानक खाली पाडतो हो! तरी शेवटी लक्षात राहते ती हीच. ताई त्या दिवशी जेवली नव्हती. आजी म्हणाली, "काहून रडते वो, चित्रंच तं आहेत!"

पण या सगळ्याची सुरुवात त्याच मंडळींच्या आधीच्या मालिकेत आहे. 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरीज', सप्टेंबर १९९२. लेखक पॉल डिनीला 'जोकर्स फेवर' या भागासाठी जोकरच्या टोळीत एक बाई हवी होती, एवढंच. कॉलेजातली मैत्रीण आर्लीन सॉर्किन हिने एका टीव्ही मालिकेतल्या स्वप्नदृश्यात विदूषकाचा वेष केला होता, तो त्याला आठवला. झाली हार्ली क्विन तयार. आवाजही आर्लीननेच दिला. त्या भागात तिचं काम काय? पोलिसाचा वेष करून मोठा केक ढकलत आणायचा. आतून बाहेर येणार जोकर!

आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. 'तात्पुरतं आहे, नंतर काढू' म्हणून लिहिलेला कोड दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये बसतो. हार्लीला कोणी काढलं नाही. १९९३ च्या जानेवारीत ती जोकरला सोडून पॉयझन आयव्हीबरोबर जोडी जमवते. १९९४ च्या 'मॅड लव्ह' या कॉमिकमध्ये कळतं की ही मुळात मनोविकारतज्ज्ञ होती, जोकर तिचा पेशंट. त्या अंकाला आयस्नर पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये तर तिच्या नावाची स्वतंत्र ॲनिमेशन मालिका आली. टोळीतली भरतीची बाई मालकीण झाली.

त्याच मालिकेतली रेनी माँटोया कमी लोकांना आठवते. साधी पोलीस. 'पी.ओ.व्ही.' भागात एकाच छाप्याची हकीकत तीन पोलीस आपापल्या परीने सांगतात. तिचा वरिष्ठ बुलक सरळ थापा मारतो, ही खरं बोलते, आणि शेवटी एकटीच मागावर जाते. माझ्या मते ती हार्लीपेक्षाही चांगली लिहिली आहे, पण तिच्याकडे रंगीत कपडे नाहीत ना!

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? खेळण्यांच्या दुकानात. या मालिकांचा पैसा बराचसा खेळण्यांवर उभा असतो. 'यंग जस्टिस'मध्ये मुली नुसत्या संघात नव्हत्या, गोष्ट त्यांच्यावर चालायची. २०१३ मध्ये ती बंद झाली. निर्माता ग्रेग वाईझमनने पुढे सांगितलं की खेळणी खपली नाहीत, म्हणून पैसा थांबला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डिनी एका मुलाखतीत बोलला की वरच्या लोकांना मुली प्रेक्षक म्हणून नकोच असतात, कारण त्या खेळणी घेत नाहीत असा त्यांचा हिशोब. (प्रेक्षकांनी पिच्छा पुरवल्यावर 'यंग जस्टिस' २०१९ मध्ये परत आली, हे खरं.)

हे वाचलं आणि मला बर्डी आठवली. ताईच्या वाढदिवसाला बाबा आम्हाला घेऊन गेले होते. तिला गदावाली हवी होती. चार-पाच ठिकाणी विचारलं. बॅटमॅन होता, सुपरमॅन होता, स्पायडरमॅन तर ढिगाने. एक दुकानदार म्हणाला, "मुलीसाठी पाहिजे नं? मग बाहुली घ्या नं भाऊ." ताईने बाहुली घेतली नाही. बॅटमॅन घेतला. घरी येऊन त्याची केप कापली, पुठ्ठ्याचे पंख फेविकॉलने चिकटवले आणि हातात आगपेटीच्या काड्यांची गदा दिली. मी तेव्हा बॅटमॅनची वाट लावली म्हणून रडलो होतो. त्या हिशोबात तिची नोंद कशी झाली असेल? एक बॅटमॅन खपला. बस.

वहीचे फोटो ताईला पाठवले. ती आता पुण्यात असते. पाच मिनिटांत फोन.

"पंखवाला बॅटमॅन आहे का रे त्या खोक्यात?"

"एक पंख आहे."

"फेकू नको. पुढच्या महिन्यात येते तेव्हा नेते. आणि ताट्या लावल्या का? आई मगापासून मला मेसेज करून राहिली."

नाही लावल्या.