तंबोरा, इलेक्ट्रॉनिक

गायन-वादनास अखंड आधारस्वर पुरविण्यासाठी तंबोऱ्याच्या नादाची विद्युत् मंडलांद्वारे अनुकृती करणारे साधन. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत त्याचा प्रसार भारतभर झाला. घरचा रियाज आणि मैफल या दोन्ही प्रसंगी मूळ वाद्य वापरावे की त्याची अनुकृती, हा प्रश्न तेव्हापासून संगीतक्षेत्रात विचाराधीन आहे. त्याचा संबंध सोयीइतकाच विद्यार्थ्याच्या स्वरज्ञानाशी आणि मिरजेच्या वाद्यनिर्मितीच्या व्यवसायाशीही आहे.

मूळ वाद्य : तंबोऱ्यास सामान्यतः चार तारा असतात. पहिली मंद्र पंचमात (रागात पंचम वर्ज्य असल्यास बहुधा मध्यमात), मधल्या दोन म्हणजे जोडीच्या तारा मध्य षड्जात आणि शेवटची खर्जात मिळवितात. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असून तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवितात. त्यामुळे कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठास वारंवार स्पर्श करते व नाद उपस्वरांनी समृद्ध होतो. यालाच जवारी म्हणतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू’ गंधार हा तिचा पाचवा उपस्वर होय. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे निस्पंद असणारे उपस्वर सर्वसाधारण तंतुवाद्यात उमटत नाहीत; परंतु तंबोरा व वीणा यांत तेही ऐकू येतात, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. अनुकृतीस कठीण ठरणारा भाग तो हाच.

मिरजेची परंपरा : मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी सतारी व तंबोरे यांच्या दुरुस्तीस व पुढे निर्मितीस आरंभ केला. त्यांचे वंशज ‘सतारमेकर’ म्हणून प्रसिद्धीस आले. भोपळे मुख्यतः पंढरपूर परिसरातून येतात. दांडी व तबलीसाठी तुणीचे लाकूड वापरतात. पुरुषांच्या आवाजासाठी मोठे (मर्दानी) व स्त्रियांच्या आवाजासाठी लहान (जनानी) तंबोरे करण्याची पद्धत आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (मृत्यू १९३७) दीर्घकाळ मिरजेस राहिले. तंबोरे जुळविण्यात व जवारी काढण्यात ते स्वतः निष्णात होते. गायक व कारागीर यांच्या अशा सान्निध्यातून मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक वाढला.

गरज व उदय : विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, उत्तरायुष्यात ते नाशिक येथे आश्रम स्थापून राहिले होते. त्यांच्या व त्यांच्या शिष्यांच्या कार्यामुळे संगीतशिक्षण गुरुगृहातून वर्गात आणि मध्यमवर्गीय घरांत आले. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, परंतु प्रत्येकाच्या घरी तंबोरा, तो छेडणारा साथीदार व जवारी काढणारा कारागीर असणे शक्य नव्हते. ओझर (जि. नाशिक) हे या अडचणीचे उदाहरण म्हणून घेता येईल. मिग विमानांच्या निर्मितीचा कारखाना तेथे १९६४ मध्ये स्थापन झाला व त्याच्याभोवती कामगार-अभियंत्यांची वसाहत वाढली. तेथून मिरज सु. ४५० किमी. दूर आहे. अशा ठिकाणी भोपळ्याचे नाजूक वाद्य दुरुस्तीसाठी नेणे-आणणे हेच एक मोठे काम ठरते. पेटी किंवा सूरपेटी यांवर भागविले जाई. पण त्यांच्या अखंड, सपाट स्वरात तंबोऱ्याचे आवर्तन नसते.

बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. आरंभीच्या साधनांत आंदोलक मंडले चार तारांचे स्वर क्रमाने निर्माण करीत. पट्टी, लय व आवाज यांसाठी स्वतंत्र बटणे असत. पुढे अंकीय स्मृतीत साठविलेले प्रत्यक्ष तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण वापरले जाऊ लागले. यामुळे नाद मुळाच्या जवळ आला. तथापि एका पट्टीतील मुद्रण नुसते जलद वा मंद करून दुसऱ्या पट्टीत नेल्यास भोपळ्याचे अनुनादही सरकतात व नाद कृत्रिम वाटतो. तिसऱ्या पद्धतीत तार, धागा व घोडी यांच्या परस्परक्रियेचेच गणिती प्रतिरूप संगणकात रचले जाते. २००८ नंतर ही साधने भ्रमणध्वनीवरील कार्यक्रमांच्या रूपानेही उपलब्ध झाली.

गिटारशी तुलना : पाश्चात्त्य संगीतात याच काळात गिटारच्या विवर्धकांची अंकीय प्रतिरूपे तयार झाली. अमेरिकेतील लाइन सिक्स या कंपनीचे ‘पॉड’ (१९९८) आणि उपलब्ध विवर्धकाच्या मापनावरून त्याची प्रतिमा तयार करणारे जर्मनीतील केम्पर यांचे साधन (२०११) ही त्यांतील प्रमुख होत. निर्वात नलिकांच्या विवर्धकातून अपेक्षित नाद मिळण्यासाठी तो मोठ्या आवाजात चालवावा लागतो. घरात ते शक्य नसते, म्हणून प्रतिरूपकाचा उपयोग. तंबोऱ्याची स्थिती उलट आहे : तो मुळात मंद असून घरास अनुरूप आहे, मोठ्या सभागृहातच त्यास ध्वनिग्राहकाची मदत लागते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. गिटारवादक प्रतिरूपक वापरूनही तार स्वतःच छेडतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा मात्र छेडण्याचे व जुळविण्याचे काम माणसाकडून काढून घेतो.

घरगुती वापर : रियाजासाठी साधन निवडताना प्रत्येक तार स्वतंत्रपणे सूक्ष्म प्रमाणात जुळविता येते की नाही, हे प्रथम पाहावे लागते. शुद्ध पंचमाचे षड्जाशी गुणोत्तर ३ : २ असते, समविभाजित सप्तकातील पंचम त्याहून सु. २ सेंट उतरलेला असतो. काळी एक पट्टीत मंद्र पंचमाचा दुसरा व खर्जाचा तिसरा उपस्वर यांत त्यामुळे सु. ०·२४ हर्ट्‌झचा फरक पडतो आणि दर चार सेकंदांस एक याप्रमाणे विस्पंद निर्माण होतात. रोज असा पंचम ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा कान त्यालाच शुद्ध मानू लागण्याचा संभव असतो. दुसरा निकष ध्वनिक्षेपकाचा. त्याच पट्टीतील खर्जाची मूळ कंप्रता सु. ६९ हर्ट्‌झ असते. भ्रमणध्वनीच्या लहान ध्वनिक्षेपकातून ती जवळजवळ उमटतच नाही व कान केवळ उपस्वरांवरून तिचे अनुमान करतो. म्हणून मोठा ध्वनिक्षेपक जोडण्याची सोय नादांच्या विविधतेपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

मैफल : ख्यालगायनात गायकाच्या मागे दोन तंबोरे असणे हा रूढ संकेत आहे. ते बहुधा शिष्य छेडतात. गुरूच्या मागे बसून तासन्‌तास स्वर धरणे, वातानुकूलनाने किंवा प्रकाशझोतांच्या उष्णतेने उतरलेली तार मणी सरकवून सावरणे, हाही शिक्षणाचाच भाग असतो. इलेक्ट्रॉनिक साधनाचा स्वर स्थिर राहतो; प्रवासात ते फुटण्याची भीती नसते व साथीदाराचा खर्च वाचतो. यामुळे दौऱ्यांवर व लहान बैठकींत त्याचा वापर रूढ झाला आहे. मोठ्या मैफलींत ते पुष्कळदा खऱ्या तंबोऱ्यांच्या जोडीला ठेवतात. त्याचा आवाज वाढविल्यास मात्र तंबोऱ्याचे सूक्ष्म उपस्वर झाकले जातात व जोडी निरर्थक होते.

परिणाम : इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे ज्या घरांत तंबोरा कधीच पोहोचला नसता, तेथे आधारस्वर पोहोचला, हे त्याचे निर्विवाद कार्य होय. त्याचबरोबर मिरजेच्या कारागिरांचा, विशेषतः जवारी काढणाऱ्यांचा, ग्राहक कमी होण्याचा धोकाही त्यात आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. त्यामुळे नावास संरक्षण मिळाले. मागणी मात्र अखेर वापरणाऱ्यांवरच अवलंबून राहते. तंबोरा जुळविता येणे हे स्वरज्ञानाचे साधन तसेच त्याची कसोटीही आहे. प्राथमिक रियाजास इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरेसा ठरतो. परंतु ज्याने एकदाही तार स्वतः मिळविली नाही, त्याला साधनातील पंचम चुकला आहे हेही ओळखता येत नाही. त्यामुळे अनुकृतीची योग्य निवडदेखील मूळ वाद्याच्या परिचयावाचून होऊ शकत नाही.