पिंगळा बोलतो, ऐकणारा कोण?

१/ मुंबईला १८९२ पासून पाणी पुरवणारा तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे. त्याच्या भोवतालच्या सागाच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये या जंगलात वीतभर उंचीचे एक घुबड दिसले आणि देशभरातील पक्षी-अभ्यासकांचे लक्ष शहापूरकडे वळले. त्या घुबडाचे नाव रानपिंगळा.

२/ आजचा धागा या पक्ष्याच्या शोधाविषयी आहे. त्याच्या आडून एक जुना प्रश्नही विचारायचा आहे. पशुपक्ष्यांचे बोलणे आपल्याला कळते, असे माणूस म्हणतो, तेव्हा तो नेमके काय करत असतो? आणि त्याचे ऐकणे खरे की खोटे, हे ठरवायचे कसे?

३/ सुरुवात लोकपरंपरेपासून. महाराष्ट्राच्या खेड्यांत पहाटे, उजाडण्यापूर्वी, हाती कंदील आणि कुडमुडे घेऊन दारोदार फिरणारा पिंगळा आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी पाहिलेला असतो. पिंगळा या पक्ष्याची भाषा त्याला कळते, अशी समजूत आहे. पक्ष्याने रात्री जे सांगितले ते तो सकाळी घरधन्याला सांगतो आणि त्याबद्दल दान घेतो. पक्षी आणि माणूस या दोघांचे नावही एकच.

४/ या समजुतीमागे शास्त्राचा आधारही होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शकुनांवर अनेक अध्याय आहेत. पक्षी कोणत्या दिशेला, कोणत्या वेळी, कसा ओरडला यावरून फल सांगितले जाते. म्हणजे शकुन सांगणाऱ्याला निदान आवाज वेगळे करता येणे भाग होते. मात्र या विद्येत पक्षी बोलतो तो माणसाच्या भवितव्याविषयी. त्याला स्वतःचे काही म्हणायचे असेल, हा विचार तिच्या कक्षेत येत नाही.

५/ आता एकोणिसावे शतक. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक अनोळखी घुबड मिळाले. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हे तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. राजकारणाइतकाच त्यांचा पक्ष्यांचा व्यासंगही मोठा होता.

६/ पुढे खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या आरंभी याच जातीचे आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र पक्षी कोणालाच मिळाला नाही. संग्रहालयांत उरली ती एकूण सात कातडी. पिसांचा रंग, पंखांची लांबी, चोचीचा आकार, सगळे त्यांवरून मोजता येत होते. आवाजाची विश्वासार्ह नोंद मात्र मागे राहिली नव्हती, आणि कातडे ओरडत नाही.

७/ या सातांपैकी एका कातड्यावर चिठ्ठी होती : मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. संग्राहक, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश सेनाधिकारी, नामवंत पक्षीतज्ज्ञ, वजनदार माणूस. ही नोंद खरी मानली, तर पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असा अर्थ होत होता. त्यामुळे पुढील काळातील शोधाचा रोख त्या नोंदीकडेही वळला. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांचे प्रयत्नही निष्फळ ठरले.

८/ नोंदच खोटी होती. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची क्ष-किरणांसह बारकाईने तपासणी केली. पक्षी भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसन यांची निघाली. माइनर्ट्झहागेन यांनी ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसन यांचा नमुना लांबवून, पुन्हा भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा ओळखीचा वाटेल : कागदपत्र पाहताना ते कोणाच्या हातून आले, हे आधी पाहावे.

९/ खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट डेव्हिडसन यांच्या जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबार भागात शहाद्याजवळ, सकाळच्या लख्ख उजेडात, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी.

१०/ यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पक्ष्याचा आवाज नोंदवला गेला. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याच्या निरनिराळ्या हाका आणि वर्तन यांचे वर्णन प्रसिद्ध केले. गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याचा कलकलाट कर्कश आणि चिरका असतो. रानपिंगळ्याचे गाणे गोलसर, मऊ, दोन स्वरांचे. ज्याचा आवाज माहीत आहे तो पक्षी पानांआडूनही ओळखता येतो. कातड्यांच्या आधारे शतकभर जे जमले नाही, ते या ध्वनिमुद्रणांनी सोपे केले.

११/ त्यातून सर्वेक्षणाची एक पद्धत रूढ झाली. जंगलात ठरावीक जागी ध्वनिमुद्रित हाक वाजवायची, थांबायचे, उत्तर येते का ते ऐकायचे. उत्तर आले तर पक्षी आहे. पण याला संवाद म्हणावे काय? पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला. तो उत्तर देतो ते त्या नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला. हाक वारंवार वाजवली तर पक्ष्याचा वेळ आणि शक्ती वाया जाते. म्हणूनच विणीच्या काळात तिचा वापर टाळावा, असे जाणकार सांगतात.

१२/ खरा दुतर्फी संवाद कसा असतो, याचे उदाहरण आफ्रिकेत आहे. मोझांबिकमधील याओ लोक एक विशिष्ट हाक देतात आणि मधदर्शक पक्षी त्यांना पोळ्याकडे घेऊन जातो. माणसाला मध मिळतो, पक्ष्याला मेण. क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की योग्य हाक दिल्यास पोळे सापडण्याची शक्यता १७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जाते. २०२३ च्या पुढील अभ्यासात दिसले की टांझानियातील हाद्झा लोकांची शीळ वेगळी आहे आणि प्रत्येक ठिकाणचे पक्षी आपापल्या माणसांच्या खुणेलाच अधिक प्रतिसाद देतात. प्रदेश बदलला की बोली बदलते, तसाच हा प्रकार.

१३/ आपल्या भागातही ऐकण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिच्यासोबत गुरांचा मोठा बाजार. खरेदी करणारा शेतकरी बैलाचे दात पाहतो, आदत की चौसा की जुळलेला हे ठरवतो, पाठीवर हात फिरवतो, चालवून बघतो. बैल बुजतो की शांत राहतो, हे त्याच्या लेखी बैलाचे उत्तर असते. इथे समज चुकली तर पुढच्या नांगरटीत कळते आणि भुर्दंड खिशाला बसतो.

१४/ दुसरी रीत वाघोबाची. ठाणे, पालघर, नाशिक पट्ट्यातील वारली, महादेव कोळी, ठाकूर या समाजांत अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात. त्या दिवशी इतरत्र वसुबारस असते. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत वाघोबाच्या दीडशेहून अधिक स्थानांची नोंद केली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूजा वेळेवर व्हावी, वाघोबाने गुरांचे रक्षण करावे, असा हा करार. पट्टेरी वाघ या भागातून गेला तरी बिबट्या आहे आणि करारही आहे. यात कोणी बिबट्याची भाषा समजल्याचा दावा करत नाही. त्याच्या शेजारी कसे राहावे, एवढेच ठरवले जाते.

१५/ आता पुन्हा तानसा. २०१४ पर्यंत रानपिंगळा म्हणजे सातपुडा आणि मध्य भारत, असा समज पक्का होता. सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी तानसातील नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा पक्षी पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाशी, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतो, हे समोर आले. जागतिक यादीत तो २०१८ पर्यंत ‘अतिसंकटग्रस्त’ होता. नवी ठिकाणे सापडल्यावर तो एक पायरी खाली ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. तरीही प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या एक हजाराच्या आतच आहे.

१६/ या सगळ्यांची तुलना केली तर एक फरक दिसतो. दारात येणाऱ्या पिंगळ्याचे भाकीत चुकले तरी पक्ष्याला विचारायला कोणी जात नाही. कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीला तर अनेक दशके कोणी प्रश्नच विचारला नाही. म्हशाच्या बाजारातला शेतकरी आणि हाक वाजवून थांबणारा अभ्यासक यांना मात्र समोरच्या जिवाकडून उत्तर मिळते आणि ते प्रतिकूलही असू शकते. आपण चुकलो हे कळण्याची सोय ज्या ऐकण्यात आहे, त्यावर मी अधिक विश्वास ठेवेन.

१७/ रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. वृक्षतोड आणि वणवे या त्याच्यापुढच्या नेहमीच्या अडचणी. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. मोठ्या रस्त्यांचा गोंगाट पक्ष्यांच्या हाकांवर परिणाम करतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा तानसाच्या परिसरात ऐकण्याचे काम आता थांबवून चालणार नाही.

१८/ १८८४ नंतर आपल्याकडे या पक्ष्याची कातडी होती, आवाज नव्हता. आज त्याच्या हाकांची ध्वनिमुद्रणे आपल्याजवळ आहेत. ती जंगलात वाजवल्यावर उत्तर देणारा कोणी उरला नाही, तर तीही त्या सात कातड्यांशेजारी संग्रहालयात ठेवावी लागतील.

(धागा समाप्त)